साडूला हरवणारं इंजिन

२० एप्रिल, रविवार
पार्सल आलं. नायट्रो इंधनावर चालणारी रिमोट कार. खेळणं नव्हे. आत खरं इंजिन आहे, पिस्टनवालं, सायलेन्सरवालं.
कारण लिहून ठेवतो. माझा साडू प्रफुल, राहणार ब्रह्मपुरी, धंदा धानाचा, स्वभाव उथळ. गेल्या बुद्ध पौर्णिमेला त्याच्या अंगणात आम्ही सगळे जेवत होतो. यानं बॅटरीची रिमोट कार माझ्या खुर्चीखालून घातली. मी दचकलो, वरण शर्टावर. पांढरा शर्ट. सगळं सासर हसलं. हर्षाही हसली, माझी सख्खी बायको. वर प्रफुल म्हणतो, भाऊ, तुम्ही फिजिक्सवाले, तुम्ही बी एक आना, पुढच्या पौर्णिमेले रेस लावू.
लावू. बारा मे. त्याच्याच अंगणात.
मॅन्युअल वाचायची गरज नाही. ज्युनिअर कॉलेजात इतकी वर्षं इंजिनच शिकवतोय.

२१ एप्रिल
मॅन्युअल चाळलं. नवं इंजिन लगेच पळवायचं नसतं. आधी ब्रेक-इन. म्हणजे गाडी स्टँडवर ठेवायची, चाकं अधांतरी, आणि इंधन जास्त सोडून टाकीमागून टाकी हळूहळू जाळायची. मध्ये थंड होऊ द्यायचं. पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांशी जुळवून घेतात म्हणे. आमच्या लग्नात ही पायरी कोणी घेतली नाही.

२३ एप्रिल, संध्याकाळी
दोरी ओढली. सुरू नाही. परत ओढली. इंजिनात इंधन तुंबलं. प्लग काढून ओढली तर सगळं माझ्या चष्म्यावर उडालं. खांदा गेला. शेजारच्या क्वार्टरमधल्या मीराबाई ओट्यावर बसून पूर्ण वेळ बघत होत्या. शेवटी विचारलं, मास्तर, फवारणीचा पंप बिघडला काय?
या बाईंशी बोलणं बंद.

२४ एप्रिल
व्हिडिओतला गोरा सांगतो, इंजिन आधी हेअर ड्रायरनं गरम करा म्हणजे सहज सुरू होतं. हेअर ड्रायर! आमच्या ऊर्जानगरला एप्रिलचं ऊन असताना? दुपारी गाडी गच्चीवर ठेवली. तासाभरानं उचलायला गेलो, तीन बोटांना फोड. कल्पना मात्र बरोबर होती.

२६ एप्रिल, शनिवार
सुरू झालं!!! काय आवाज. निळा धूर, सगळी कॉलनी दणाणली. पहिली टाकी संपूर्ण जाळली. प्रफुल, आता बघ.
किरकोळ अडचण. वाऱ्याची दिशा बघायची राहिली. क्वार्टरसमोर बाजांवर हर्षाच्या आणि मीराबाईंच्या कुरडया वाळत होत्या. या इंधनात एरंडेल असतं, ते सायलेन्सरमधून बारीक थेंबांनी उडतं. पांढऱ्या कुरडयांवर काळे ठिपके आले. मीराबाई ओरडल्या, हे कुरडया व्हय का ग्रीस? हर्षा म्हणाली, पहाटेपासून चीक हाटून राह्यली होती मी, माझे हात पाहा. मी शांतपणे सांगितलं की एरंडेल पोटाला चांगलं असतं.
त्यानंतर वातावरण बिघडलं. हर्षा माझ्याशी बोलत नाही. प्रफुललाही हेच हवं होतं.

२८ एप्रिल
टाकी झाल्यावर इंजिन थंड करायचं, आणि बाहेर शेहेचाळीस डिग्री. शास्त्रीय उपाय काढला: कूलरसमोर स्टूल, स्टुलावर गाडी. हर्षा वीज प्लांटच्या लॅबमधून ड्युटी करून आली, कूलरसमोर कोण बसलंय ते बघितलं, आणि ओला टॉवेल घेऊन ओट्यावर जाऊन बसली. मीराबाईंच्या शेजारी. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. गट तयार झाला आहे.

१ मे
महिला मंडळानं ठरवलं, वाळवणं उचलली जाईपर्यंत क्वार्टरसमोर इंजिन लावायचं नाही. सांगायला सहाजणी आल्या. कायदेशीर आधार विचारला. मीराबाईंनी लाटणं दाखवलं.

३ मे, शनिवार
गाडी घेऊन कॉलनीबाहेर, झुडपी जंगलाच्या कडेला गेलो. निवांत. चौथी टाकी उत्तम चालू होती. तेवढ्यात वनरक्षक बाइकवर सुसाट आला, मागे दांडेवाले दोघं. त्याला वाटलं चेनसॉ चालू आहे. सागवान तोडून राह्यले काय, म्हणाला. मी गाडी दाखवली. त्यानं वाकून बघितलं. मग म्हणाला, इथी वाघीन फिरून राह्यली, पिल्लं हायेत तिची, अन् तुम्ही हे घेऊन बसले? घरी बाई वगैरे नाई का तुम्हाले?
असली माणसं खात्यात घेतात. मी स्वतःहून निघालो. जरा घाईनं निघालो.

५ मे
हर्षा रजा टाकून ब्रह्मपुरीला गेली, रंजीताकडे. बहीण तिची, प्रफुलची बायको. चिठ्ठी नाही, फक्त दारातून एक वाक्य: कुरडया तिथीच करतो आता, तिथी धूर नाई. म्हणजे शत्रूच्या छावणीत. ठीक आहे. तिथंच माझा विजय बघायला मिळेल.
जेवण: मॅगी.

९ मे
ब्रेक-इन पूर्ण. इंजिन एका ओढीत सुरू होतं. ओसाड मैदानावर सरळ रेषेत, अर्ध्या वेगात पळवली. पुढे जाऊन उचलून आणली. वळवायचा सराव केला नाही. रिमोटचं चाक इकडे फिरवलं की गाडी इकडे, त्यात शिकायचं काय?
घरात फार शांत आहे. मॅगी.

११ मे
बाइकनं ब्रह्मपुरी. गाडी मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधली. हर्षाची जागा रिकामीच होती.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा
सकाळी वंदना. मग खीर. मी खीर अर्धी टाकली, गाडी अंगणात ठेवली आणि प्रफुलला म्हणालो, काढ तुझी.
म्हणतो, माझी काय भाऊ?
म्हटलं, रेस.
कोनती रेस?
मला वाटलं घाबरून नाटक करतोय. नाटक नव्हतं. त्याची गाडी पावसाळ्यातच बिघडली, भंगारात गेली. मी सगळं सांगितलं: खुर्ची, वरण, शर्ट, हसणं. सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानं स्वतःचे कान धरले. लय चुकलं भाऊ माझं, तवाच थापड मारायची होती ना मले. एक वरीस मनात ठेवून बसले तुम्ही?
वर्षभर तयारी करून आलेल्या माणसाची कोणी अशी माफी मागतं का? नीच.
तरी गाडी दाखवायची ठरवली. एका ओढीत सुरू. सगळे खुर्च्या घेऊन आले. फुल थ्रॉटल दिला, आयुष्यात पहिल्यांदा. काय गेली! प्रफुलनं शिट्टी मारली. टोकाला वळली आणि परत आमच्याकडे यायला लागली. समोरून येणाऱ्या गाडीचं डावं ते आपलं उजवं असतं. हे मला माहीत आहे. आरशाच्या धड्यात मीच शिकवतो. बोटांना माहीत नव्हतं. मी वाचवायला फिरवत गेलो तशी ती जास्तच तिकडे गेली, थेट हापशीच्या सिमेंटच्या ओट्यावर. चाकं एकीकडे, इंजिन दुसरीकडे.
या वेळी कोणी हसलं नाही. ते फार वाईट होतं. प्रफुल गुडघ्यावर बसून एकेक तुकडा वेचत होता, बारके स्क्रूसुद्धा. हर्षानं माझे तेलकट हात ओढणीनं पुसले, फोडांचे डाग बघितले.

१३ मे, मंगळवार
परत. हर्षा मागे बसली, मांडीवर तुकड्यांची पिशवी. सिंदेवाही गेल्यावर जंगलातल्या रस्त्यावर तिनं मागून विचारलं, भांडन कोनाशी होतं जी तुमचं?
मूल गाव येईपर्यंत मी एक नाव शोधत होतो. तिनं परत विचारलं. मी म्हटलं, हेल्मेटमुळे काही ऐकू येत नाही.