तीच चूक, पुन्हा एकदा

म्हसावद
१८ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

दीपमालाचा नमस्कार. कालीमावशींनाही सांगा.

यंदा थंडी चांगली पडली आहे. हरभऱ्याला घाटे धरलेत, पपईची तोडणी चालू आहे. आईचा गुडघा दुखतो, तरी ती शेतात जातेच. मी पुण्याहून महिनाभराची रजा घेऊन आले आहे. घरात लग्न नाही, कुणी आजारी नाही, म्हणून जो तो विचारतो, कशाला आलीस? त्याचं उत्तर तुम्हाला लिहायचं म्हणून सकाळी बसले आणि पपईपर्यंतच पोहोचले.

सर, तुम्ही माझ्याकडे सोपवलेला पावरी बोलीचा शब्दकोश मी छापायला दिलेला नाही. कधीच दिला नव्हता. "प्रेसवाल्याकडे आहे", "मुखपृष्ठाचं काम चाललंय", हे सगळं मी फोनवर खोटं सांगत होते. नंतर तर तुमचे फोन घेणंच बंद केलं.

२०२१ चा तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुम्ही निवृत्त होत होता आणि शाळेचा जुना संगणक दुपारी गाडीत भरून नेणार होते. त्या संगणकावर दुसरं काही चालेना, म्हणून मीच त्यावर संगणक चालवणारी, युनिक्सच्या वळणाची एक छोटी प्रणाली बसवली होती. हौशी लोकांनी बनवलेली, अगदी हलकी. पहिल्या वह्या वाळवीने खाल्ल्यावर तुम्ही सगळे शब्द तिच्यावरच टाइप केलेत, रेकॉर्डिंगं जोडलीत. सगळं मिळून माझ्या पेनड्राइव्हवर मावत नव्हतं. आपण झिप करतो तसा फाइली दाबून लहान करणारा प्रोग्राम त्या प्रणालीवर नव्हता. मी तसा एक प्रोग्राम घेऊन, दोन दिवस खपून, तिच्यावर चालेल असा करून घेतला होता. तुम्ही वर्गात सगळ्यांना सांगितलंत, "हे आपल्या दीपमालाने केलं." मी फुगले होते, सर. अकरा वर्षांचं काम त्या प्रोग्रामने दाबलं, पेनड्राइव्हवर घेतलं आणि संगणक कोरा करून दिला.

पुण्यात फाइल उघडली नाही. "फाइल खराब आहे", एवढंच येई. ज्या संगणकावर ती बनली तो भंगारात गेलेला. माझा प्रोग्रामही त्याच्यासोबत गेला, त्याची प्रत मी ठेवली नव्हती. त्याच सुमाराला कळलं की मावशींच्या आई, जमनाआजी, गेल्या. निम्मे जुने शब्द त्यांचे. आता ते कुणाला विचारणार? मग मला तुमच्याशी बोलणंच जमेना.

दिवाळीत बाबा शहाद्याहून आले. जेवताना म्हणाले, "जामसिंग सर स्टँडवर भेटनात. माले दखीसन तोंड फिरायी लिधं. तुन्हं काही बिनसनं शे का?"

मी "नही" म्हटलं. माझ्यामुळे बाबांचा का अपमान व्हावा? पुण्याला जाऊन रजेचा अर्ज दिला.

त्या प्रणालीच्या कर्त्यांपैकी एकाने जुनी आवृत्ती जपून ठेवली होती, मागितल्यावर लगेच पाठवली. माझ्या लॅपटॉपच्या आत एक खोटा जुना संगणक उभा करता येतो, त्यात ती बसवली. मग तोच दाबणारा प्रोग्राम पुन्हा तिच्यावर चालता केला. या वेळी नीट, शिकल्यासारखा. मराठी, इंग्रजी, आवाज, फोटो, काहीही दाबा, जसंच्या तसं परत. तुमची फाइल घातली. "फाइल खराब आहे."

चार दिवस मी काहीच केलं नाही. आईबरोबर पपया कागदात गुंडाळत बसले. तिथेच सुचलं. मी आता बरोबर लिहीत होते, आणि फाइल तर एकवीस वर्षांच्या, चुकणाऱ्या दीपमालाने बनवली होती. मला तीच चूक पुन्हा करायला हवी होती.

पण कोणती? आठवेना. तेव्हा मला काय काय येत नव्हतं, याची यादीच काढली. तेवीस गोष्टी निघाल्या. एकेक चूक मुद्दाम करत गेले. सतरावी लागू पडली. संगणकाच्या लेखी सगळं म्हणजे आकडे. इंग्रजी अक्षरांचे आकडे लहान, देवनागरीचे आणि आवाजाचे बरेचसे मोठे. मी लिहिलेला एक तुकडा त्या मोठ्या आकड्यांना उणे समजत होता. त्या संगणकावर फाइल उघडली असती, कारण तिथे दाबणाराही चुकणारा आणि उघडणाराही तसाच. बाहेर मात्र कुणालाच ती कळणार नव्हती. आणि मी तपासून पाहिलं होतं ते फक्त इंग्रजीवर. पावरी शब्दकोशासाठी केलेला प्रोग्राम, सर, आणि एकही पावरी शब्द घालून पाहिला नाही.

परवा अकराच्या सुमाराला फाइल उघडली. मी पहिलंच रेकॉर्डिंग लावलं. तुम्ही विचारताय, जमनाआजी शब्द सांगतात, तुम्ही चुकीचा म्हणता, त्या खो खो हसतात आणि पुन्हा सांगतात. मी ओट्यावर बसून रडले. बाबा खळ्यातून धावत आले. "काय व्हयनं?" मग तेही थांबून ऐकू लागले. "हाऊ आवाज तं सरना शे!"

सहा हजार चारशे शब्द आहेत. सगळे नाहीत. पेनड्राइव्ह शेवटी भरला होता, ते मी तेव्हा पाहिलंच नाही. शेवटचे, 'ह'चे शब्द बसले नाहीत. ते कुठल्याही युक्तीने येणार नाहीत, मी खात्री केली आहे.

नीट केलेला प्रोग्राम त्या प्रणालीच्या लोकांनी ठेवून घेतला आहे. तुमच्या शब्दांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. तुम्ही म्हणाल तेव्हा घेऊन येते. येऊ नको म्हणालात तर बाबांच्या हाती पाठवीन, पण त्यांच्याशी तेवढं बोला. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

मी पेनड्राइव्ह घेऊन निघताना तुम्ही विचारलं होतंत, "उघडून बघितलंस ना?" आणि जिने न बघताच "हो" म्हटलं, ती

दीपमाला


धडगाव
२७ जानेवारी २०२५

चि. दीपमाला,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. मी दोनदा वाचलं, मग कालीबाईला वाचून दाखवलं. आईचा आवाज शाबूत आहे हे कळल्यावर ती बराच वेळ बाहेर जाऊन बसली. आत आली आणि म्हणाली, "पोरीला आधी जेवायला बोलवा." तेव्हा रविवारी ये. जीपवाला सुरुपसिंग माझा विद्यार्थी आहे, तो घरापर्यंत सोडेल.

'ह'चं दुःख करू नकोस. कालीबाईने रात्रीच्या भाकरी थापता थापता एकोणीस शब्द सांगितले.

आता माझं ऐक. मला वाटलं होतं, तू तो कोश पुण्यात स्वतःच्या नावावर छापलास. हे मी दोघा-तिघांजवळ बोललोही. स्टँडवर भाईदासभाऊंनी "राम राम सर" म्हटलं आणि मी तोंड फिरवलं, ते त्यामुळे. आज सकाळी त्यांना फोन केला. ज्यांच्याजवळ बोललो त्यांच्याकडेही जाऊन येईन. तू खोटं बोललीस, ते वाईटच. पण मी शिक्षक असून दार वाजवून एकदा विचारलं नाही. म्हसावद काही लांब नव्हतं.

ये. वाट बघतो.

तीन वर्षं न विचारता रागावलेला,
तुझा सर
जामसिंग पावरा