कापड आधी धुवावे

४ नोव्हेंबर

दादाचा फोन! चक्क स्वतःहून! "बैठकीची खोली अगदी कळकट दिसते गं. त्या सोफ्याचं काहीतरी कर. बाबांनाही बरं वाटेल." इथे राहतो बाबा आणि मी, तरी त्याला घराची काळजी आहे, हे पाहून मन भरून आले. नवा सोफा परवडायचा नाही. खोळी मात्र घरी शिवता येतील! लगेच मांजरपाट आणले – जाड, टिकाऊ, स्वस्त.

५ नोव्हेंबर

कापड भिजत घातले. कोरे सुती कापड धुतल्यावर आटते. म्हणून आधी धुवावे, मगच बेतावे. नाहीतर पहिल्याच धुण्यानंतर खोळ सोफ्यावर चढायची नाही. बाबांना हे सविस्तर समजावले. ते म्हणाले, "बाई, तास संपला असेल तर चहा टाका!"

८ नोव्हेंबर

कापड उलटे करून थेट सोफ्यावर पसरावे आणि टाचण्यांनी अंगाबरोबर बसवावे. पाठ आणि बैठक मिळतात तिथे वीतभर जास्त सोडून ते फटीत खोचावे. माणूस बसला की गादी दबते; तेव्हा शिवणीवरचा ताण हे जादा कापड घेते. किती साधी युक्ती, आणि किती सुंदर!

११ नोव्हेंबर

दादा-वहिनी येऊन गेले. "अजून झालं नाही?" मी धुण्याचे कारण सांगू लागले, तर दादा वैतागला – "धुवायचं कशाला? रविवारी एकदा नीट दिसलं की झालं!"

रविवारी काय आहे?

दादाने वहिनीकडे पाहिले. शेवटी वहिनी म्हणाली, "घराला गिऱ्हाईक येतंय, वन्सं. ह्यांनी सांगितलं नाही?"

बाबा त्यांच्याकडे जाणार. आणि मी? दादा म्हणाला, "तुझ्यापुरती खोली मिळेल की भाड्यानं!"

सख्ख्या भावाने केसाने गळा कापला. तोही माझ्याच हातून खोली सजवून घेऊन!

१२ नोव्हेंबर

मशीन उघडले नाही.

१३ नोव्हेंबर

उघडले. सोफ्याच्या डाव्या हाताच्या खोळीची शिवण तिरकी गेली होती; उसवून पुन्हा घातली. तिरकी शिवण मला पाहवत नाही, मग ती कुणासाठीही असो.

पण रविवारी सगळ्या खोळी काढून ठेवणार. बघू दे त्या लोकांना फाटका सोफा! आणि बाबांना उद्या सगळे सांगणार. घर त्यांच्या नावावर आहे. मला बाहेर काढणाऱ्या कागदावर ते सही करणे शक्यच नाही.

१४ नोव्हेंबर

सांगितले. बाबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "दादाला बोल लावू नकोस. गिऱ्हाईक मीच शोधलं. तुला सांगायचा धीर होईना, म्हणून त्याला पुढे केलं. रोज ठरवायचो, आज सांगू... पण तू त्या शिवणात इतकी खूश होतीस!"