आठ मैलांच्या बाता

उदगीर
२३ नोव्हेंबर, रविवार

खाजामियाँ,

'प्रिय' वगैरे लिहीत नाही. पहिलीपासून तुला कधी म्हटलं नाही, आता कागदावर म्हणून कशाला चढवून ठेवायचं? इकडं आम्ही जिवंत आहोत. गुणाबाईचा गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त ती स्वतः कुरकुरते. तूर बरी आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही, दर रविवारी तुझे फोटो येऊन आदळतातच.

फोन करत नाही, कारण तुझी सून सबिहा लगेच स्पीकर लावते आणि सगळं घर ऐकत बसतं. तुला शिव्या द्यायच्या तर एकट्याला द्याव्या लागतात. म्हणून पत्र. पोस्टातल्या बाईनं विचारलं, वेल्स कोणत्या जिल्ह्यात येतं. मी म्हटलं, जिल्हा माहीत न्हाई, पण तिथं आमचा एक शिंपी वाया गेलाय.

आता तुझ्या त्या कॅसलबद्दल. काय रे ते! अर्धा बुरूज, दीड भिंत आणि खाली गवत, नवरदेवाच्या दाढीसारखं कापलेलं. त्याला किल्ला म्हणायचं? आणि त्याचं नाव काय, तर सगळी व्यंजनंच. वाचायला गेलो तर गुणाबाई म्हणाली, शिंक आली का? आपल्या किल्ल्याचा खंदक बघितला तर तिथली माणसं टोप्या काढतील. तिकीट काढून आत जायचं, पाटी वाचायची, पाटीवर लिहिलेलं असणार की इथं पूर्वी भिंत होती. वा! आमच्याकडं भिंत आहे, पाटी न्हाई. कोणतं बरं?

आणि ती तांबडी घार. तीन फोटो पाठवलेस, एकात तर घार ठिपक्याएवढी. अरे, घारीचं काय कौतुक? इथं बाजारामागं घिरट्या घालतात, पोरांच्या हातातली भजी पळवतात. त्यांचा फोटो काढायला उदगिरात कुणी रिकामा न्हाई. मेंढ्यांच्या पाठीवर निळा-तांबडा रंग आणि राखणीला माणूसच न्हाई! आपल्या धनगराला दाखवला फोटो. तो म्हणाला, ह्यांच्यात लांडगे मेले का धनगर?

तू लिहितोस, तिथं लोकांच्या शेतातून फिरायला सरकारी पायवाट असते, फाटक उघडायचं, जायचं, फाटक लावायचं, शेतकरी हात हलवतो. थापा मारू नको. आपल्याकडं बांध वीतभर सरकला तर दोन पिढ्या कोर्टात जातात. 'आज आठ मैल चाललो आप्पा, हवा एकदम फर्स्ट क्लास.' आठ मैल! इथं तुला शुक्रवारी मशिदीपर्यंत जायला रिक्षा लागायची. हवा खाऊन माणूस एवढा बदलतो काय?

आणि ह्या सगळ्या पसाऱ्यात तू मुद्द्याची गोष्ट घारीच्या फोटोखाली चिकटवून दिलीस. 'आसिफ बोलून राहिला, अब्बा आता इथंच राहा, जानेवारीचं तिकीट रद्द करू. आप्पा, तू म्हण. ये म्हणालास तर येतो, राहा म्हणालास तर राहतो.'

शरम वाटत नाही का तुला? जन्मभर लोकांच्या अंगाची मापं घेतलीस, शेरवान्या बेतल्यास आणि स्वतःचं माप मला घ्यायला लावतोस? मी खत-बियाणं विकणारा माणूस. पोरगा तुझा, म्हातारपण तुझं, कमरुन्निसाभाभी गेल्यापासून कुलूप घालून ठेवलेलं घर तुझं. मी कोण? उद्या राहून पस्तावलास तर म्हणशील, रामलिंगनं सांगितलं. येऊन पस्तावलास तरी रामलिंगच. लई हुशार आहेस.

मी मजेत आहे. दर रविवारी किल्ल्यावर जातो, एकटाच. कुणाची कटकट न्हाई, दर दहा पावलांवर 'आप्पा थांब, दम खाऊ दे' न्हाई. परवा बुरुजावर उभा राहिलो तर दरीतून मोर ओरडले. सीताफळीखाली एक घोरपड ऊन खात पडली होती, माझ्याकडं बघून हललीसुद्धा न्हाई. सगळं दिसतं, नीट दिसतं, शांततेत दिसतं.

तुझ्या सवालाचं उत्तर सध्या माझ्याकडं न्हाई. विचार करायला सवड न्हाई, रब्बीचा हंगाम आहे.

रामलिंग


उदगीर
२१ डिसेंबर, रविवार

खाजा, थापाड्या,

सापडलास.

तुझा तो मागच्या रविवारचा फोटो, कॅसल मागं, तू पुढं, छाती काढून. 'आज पण आठ मैल.' मी काही बघितलं नसतं. गुणाबाईनं मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि म्हणाली, अहो, भावजींच्या पायात सपाता हायेत. घरातल्या! काळ्या, लोकरीच्या, पुढं तोंड शिवलेल्या. त्या घालून माणूस आठ मैल चिखलातून चालतो आणि सपाता कोरड्या राहतात? शिंप्याच्या जातीला लाज आणलीस. निदान थाप तरी मापात बेतायची.

मग मी सबिहाला फोन केला, ती ड्यूटीवर असताना. म्हटलं, स्पीकर बंद कर आणि खरं सांग. आधी टाळत होती. मी आवाज चढवल्यावर रडली पोरगी. ऑक्टोबरात तुला दवाखान्यात ठेवलं होतं, हे मला का कळवलं न्हाई? छातीचं दुखणं आहे, चढ बंद, जिना बंद. आसिफ गाडी थेट आत नेतो, तू गाडीतून उतरून बाकड्यावर बसतोस, फोटो काढून घेतोस, परत गाडीत. घारीचे फोटोसुद्धा तुझे न्हाईत, तिथल्या कुणा म्हाताऱ्याचे उसने. सबिहा म्हणाली, 'आप्पांना फोटो पाठवायचाय म्हणून अब्बा रविवारी सकाळपासून कपडे घालून बसतात.'

हलकट माणसा. मी म्हणत होतो, गोऱ्यांच्या हवेनं खाजाला पाय फुटले. मी जळत होतो, खरं सांगतो. इथं ह्याला मी ओढत न्यायचो आणि तिथं जाऊन हा डोंगर चढतो! आणि तू बाकड्यावर बसून मला जाळत होतास.

आता माझं ऐक. मीसुद्धा किल्ल्यावर जात न्हाई. तू गेल्यापासून एकदाच गेलो, दरवाजापर्यंत. आत पाय टाकला आणि कळेना, आता कुणाला म्हणायचं, 'चल रे लवकर.' उलट फिरलो. बाहेर टपरीवर चहा प्यालो, तोही भिकार. मोर, घोरपड, सगळं बसल्या जागी रचलं. थापा मारण्यात तू एकटाच हुशार असं समजू नको.

शुक्रवारी अवसेला येळवस झाली. तुला सांगायला नको, लातूर जिल्ह्यातली गावं ओस आणि शेतं भरलेली. कडब्याची कोप उभी केली, आत पाच पांडवांचे दगड मांडले, भज्जी, आंबील, उंडे, सगळं झालं. खायला माणसं मस्त होती. पण पूजा झाल्यावर आंबील शिंपत शेताला फेरा मारायचा म्हटल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले. तो फेरा आपल्या शेतात तुझाच ना. माझे वडील गेल्यावर तूच आंबिलीचं मडकं उचललंस, कुणी सांगितलं न्हाई, कुणी अडवलं न्हाई. आणि दर वर्षी मी तुझी टर उडवली. सगळा मुलूख म्हणतो 'ओलगे ओलगे सालम पोलगे', तू म्हणतोस 'सलाम पोलगे'. लहानपणी तुला तसं ऐकू आलं आणि तेच धरून बसलास. कानडी शब्द, अर्थ धड मलाही ठाऊक न्हाई, पण तुझं चुकीचं आहे एवढं पक्कं माहीत होतं. मी ओरडायचो, अरे बेअकल, कुणाला सलाम करतोस, ज्वारीला? तू म्हणायचास, हाव, ज्वारीलाच, ती खायला घालते ना.

ह्या वर्षी मडकं मी उचललं. घसा खाकरला. पहिल्या बांधाला आंबील टाकली आणि तोंडातून निघालं, 'ओलगे ओलगे सलाम पोलगे.'

मागून चालणारी सगळी हसली. ऋतुजा म्हणाली, आजोबा, तुम्हीपण? मला दुरुस्त करून म्हणता येईना. दुसऱ्या बांधाला नेट लावून तोंड उघडलं, तरी तेच. सगळा फेरा तसाच मारला. ज्वारीच्या आड गेल्यावर मी रडलो, खाजा. आंबील अंगावर सांडली म्हणून डोळे पुसतोय असं गुणाबाईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

आता उत्तर. महिनाभर पळालो, आज देतो.

राहा.

इथं तू आलास तर कुलूपबंद घरात एकटा. रात्री छातीत दुखलं तर उचलायला मी, आणि मला हल्ली रिक्षात चढायला दुसऱ्याचा खांदा लागतो. मी तुला दवाखान्यात काय पोचवणार, रस्त्यात दोघंही मरू. तिथं नर्स सून आहे, बापाला बाकड्यापर्यंत नेणारा पोरगा आहे. असला पोरगा लोकांना मिळत न्हाई. गोऱ्यांच्या त्या फुटक्या किल्ल्यापुढं बस, सपाता घालून बस. माझ्यासाठी तिकीट रद्द कर.

दोन कागद फाडले मी ह्याच्या आधी. दोन्हींवर एकच शब्द लिहिला होता, 'ये'. तो पोस्टात टाकला असता तर तू छाती धरून का होईना, आला असतास. तू आला असतास हे मला ठाऊक आहे, खाजा. म्हणून टाकला न्हाई.

तुला येऊ नको म्हणणारा,
रामलिंग