उभ्या गाडीचं करपलेलं ऑइल

बाबा,

गाडी अजिबात सुरू करू नका. गिअरबॉक्समधलं ऑइल काढून झालं आणि नवीन भरणार, तेवढ्यात ड्यूटीवरून बोलावणं आलं. संध्याकाळी येऊन भरते.

गाडीखालच्या टबात तेवढं डोकावून बघा. मागे आपण दोघांनी भरलं तेव्हा हे ऑइल सरबतासारखं लालभडक होतं. आता काळंकुट्ट झालंय आणि करपल्याचा वास मारतंय. उभ्या गाडीचं ऑइल करपत नाही, बाबा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुमचं ड्रायव्हिंग बंद केल्यापासून गाडी शेडमधून हललीसुद्धा नाही, असं तुम्हीच छातीवर हात ठेवून सांगितलंत. तेव्हा आईला एकदम भांडी घासायची आठवण झाली, तेही मी पाहिलंय.

मला वाटलं, तुम्हीच चोरून चालवताय. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून सीटवर बसायला गेले, तर माझेच गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट एवढी पुढे ओढून बसणारं आपल्या घरात एकच माणूस आहे, आणि ते तुम्ही नाही.

आईला सांगा, ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो, डावा पाय बाजूला ठेवायचा. एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने ॲक्सिलरेटर दाबून धरला की ऑइल असंच जळतं. तुम्हाला शेजारी बसून तिचे पाय दिसत नाहीत, मग समोरचा रस्ता काय दिसणार?

उद्यापासून तिच्या शेजारी मी बसणार. तुम्ही मागे.

— धाकटी