एकेचाळीस जणींचा एकच नवरा

संकठा घाट, वाराणसी
२१ मार्च १९९८

चि. यज्ञेश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आईचे गुडघे आहेत तसेच. होळीचा रंग अजून दारावरून निघालेला नाही.

दवाखान्यात तू बनवलेला प्रोग्राम कसा चाललाय ते विचारलंस. छान चाललाय. डॉक्टर रोज कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळतात आणि देणगीदार आले की पेशंटना त्याच्यासमोर उभं करून फोटो काढतात. पेशंटच्या तोंडाकडे मात्र आता कोणी बघत नाही. मला वीट आलाय या सगळ्याचा.

एक सांगायचं राहिलं होतं. 'पतीचं नाव' भरल्याशिवाय तुझा प्रोग्राम पुढे सरकत नाही, आणि इथल्या मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आपल्याकडे उखाण्यात तरी घेतात, इथे तेही नाही. रजिस्टर होतं तेव्हा शेजारी बसलेली बाई सांगायची आणि मी लिहायची. आता मशीनवर धूळ बसते म्हणून एकेकीलाच आत सोडायचं. बाहेर रांग, त्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. मी सरळ 'विश्वेश्वर' टाकायला लागले. काशीत सगळ्यांचा मालक तोच, असं म्हणून आईला हसवलंही. एकेचाळीस बायका झाल्या त्याच्या.

त्यात दोन दुलारी. दोघींचं वय मी अंदाजाने पन्नास टाकलेलं. परवा त्यातली मासे विकणारी आली. ताप, दोन दिवस पोटात अन्न नाही, कार्ड हरवलेलं. मी नाव टाकलं आणि पडद्यावर दुसरीची वाढलेली साखर आली. डॉक्टरांनी पडद्याकडे बघूनच साखर उतरवायची गोळी लिहिली. मी ती तिच्या हातावर ठेवली.

काल सकाळी लेकीने तिला बेशुद्ध अवस्थेत आणलं. चूक मला दिसली, डॉक्टरांनाही दिसली. म्हणाले, "लकवा लिखिए और बड़े अस्पताल भेजिए. गोली वाली लाइन हटा दीजिए."

मी हटवली, यज्ञेश. चिठ्ठीवर लकवा लिहिला. मग घरी येऊन पोटभर जेवले. माझी मलाच किळस येते.

आज सकाळी मोठ्या इस्पितळात जाऊन गोळीचं सांगितलं. त्यांनी ताबडतोब ग्लुकोज लावलं. "कल बता देतीं तो..." एवढं बोलून तिथले डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. दुपारी दुलारीने डोळे उघडले. लेकीला ओळखते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. पुढे फुटेल का, ते कोणी सांगू शकत नाही.

तिथे नवा कागद करताना लेकीने बापाचं नाव पटकन सांगितलं, रामधनी. मी तिला घडलेलं सगळं सांगितलं. ती आईचं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "हम त बहरे बइठल रहलीं, दीदी. हमसे पूछ लेतीं." परवा ती दाराबाहेरच बसली होती.

पतीच्या नावाची जागा रिकामी सोडायची सोय कर, मगच प्रोग्राम कोणाला दाखव. सगळं लिहून मी दुलारीच्या लेकीला आणि मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना दिलंय. सोमवारी मला कामावरून काढतील. आईला अजून बोलले नाही.

दुलारी एक नाव घेत नव्हती. आता तिला कुठलंच घेता येत नाही.

त्या कागदावर केली तशीच इथेही पूर्ण सही करते.

निवेदिता ढुंढिराज पुणतांबेकर,
कंपाउंडर. गोळी मी दिली.