नातीच्या पत्रिका आणि तुझी खळ

आये, तू असतीस तर आज माझ्या हातातला ब्रश हिसकावून घेतला असतास. पिठाची खळ बोटानं लावायची असते, हेसुद्धा मी विसरलो होतो. आठ दिवस झाले, घरात गोंदाशिवाय दुसरा विषय नाही आणि माझं डोकं नुसतं भणभणतंय.

नातीचं लग्न ठरलंय. मुलगा रोह्याचा. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, आता नाही, म्हणून निमंत्रक म्हणून पत्रिकेवर माझं नाव आहे. तिला दुकानातली पत्रिका नको होती. जाड रंगीत कागद आणायचा, त्यावर मजकुराचा पातळ कागद घरीच चिकटवायचा, अशा चाळीस पत्रिका. मी म्हणालो, "गोंदाचं माझ्यावर सोड. माझ्या आयेनं अख्ख्या पेणच्या वाण्यांना कागदी पिशव्या पुरवल्यात." बोलून बसलो. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला मिरवायला दुसरं काय असतं?

बाटलीतला पांढरा गोंद लावला, तर कागद उन्हातल्या पोह्याच्या पापडासारखा वळला. डिंक लावला, तर पिवळे डाग वर आले. मग नातीनं गोंदाची कांडी आणली, तळाशी फिरवली की वर येते तसली. सुरकुती नाही, डाग नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी कुरकुरतच राहिलो. उन्हात सुटेल, पिशवीत सुटेल, कोणाच्या तरी हातात दोन तुकडे येतील. अठरा पत्रिका झाल्या. बायकोनं पहिली देवापुढं ठेवली आणि चारी कोपऱ्यांना ओली हळद लावली.

"अवो, इकडं या! हळद लाल झाली."

खरंच, चारी कोपरे वाळलेल्या रक्तासारखे. नात हसायला लागली. "आजी, कांडीत साबणासारखं कायतरी असतं गो. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो ना, तसंच."

"मला नको शिकवू. रोह्याची म्हातारी आधी हळद बघंल. तिला सांगशील साबणाचं?"

नवऱ्या मुलाची आजी तशीच आहे. बैठकीत तिनं आमच्या सुपारीलासुद्धा नाव ठेवलं होतं. गुरुवारी पेणहून गाडीनं जाऊन तिच्या हातात पत्रिका मलाच द्यायची आहे. माझ्या नावाची, लाल कोपऱ्यांची. त्या विचारानं मला जेवण गेलं नाही. वर बायको म्हणाली, "आता करा की तुमच्या आयेची खळ."

खळ मी जन्मात केली नव्हती, आये. तू करायचीस तेव्हा मी पळून जायचो. पण ते सांगणार कसं? पातेलं चढवलं. पहिल्या खेपेला गुठळ्या, दुसऱ्या खेपेला करपली. तिसरी जमली, पण कागद पुन्हा वळला. मी पळी आपटली. बायको दारातून म्हणाली, "तोंडाची खळ घट्ट हाय, पातेल्यातली नाय."

तू मात्र गिरणीत सांडलेलं पीठ झाडून आणायचीस, दोनदा चाळायचीस, आणि तुझी खळ कधी बिघडल्याचं मला आठवत नाही. अजून डोळ्यांपुढं दिसतं, सकाळची वेळ आहे. तू भिंतीला टेकून पिशव्या चिकटवते आहेस, मी शेजारी. "चाटल्यासारखी लाव रे. शेणी थापतोस काय?" असं म्हणून हातावर चापट देतेस. मग ओल्या पिशव्यांचा ढीग रचून वर फळी ठेवतेस आणि मला म्हणतेस, "बस हिथं. हलायचं नाय." बाहेर पोरं विटीदांडू खेळतायत. मी फळीवर बसून कालपासून काय चुकलं ते आठवतोय. एकदा विचारलंही, "मी काय केलं?" तू मान वर न करता म्हणालीस, "बस म्हटलं ना."

ती शिक्षा आहे असं मी जन्मभर समजत आलो. बायकोलाही सांगितलं होतं, माझी आय मला काही कारण नसताना तासन्‌तास बसवून ठेवायची. काल तो वळलेला कागद हातात घेऊन उभा होतो, तेव्हा डोक्यात उजेड पडला. ओल्या कागदाला वाळेपर्यंत वजन लागतं. तू मला शिक्षा देत नव्हतीस.

आज चौथी खळ केली. पातळ, फडक्यातून गाळलेली, बोटानं लावलेली. एका कोपऱ्याला हळद लावून पाहिली, पिवळीच्या पिवळी राहिली. दोन पत्रिकांमध्ये एकेक कोरा कागद घालून ढीग रचला, वर फळी टाकली आणि त्यावर मी बसलो आहे. हे पत्र तिथंच मांडीवर लिहितोय. मघाशी बायको येऊन म्हणाली, "पाटा ठेवा की वर. तुम्ही कशाला बसलाव?" पाटा आपल्या घरातही होता, आये. तो तू कधी उचलून आणला नाहीस.

उठलो की हा कागद रद्दीत जाईल, कोणाला दाखवण्यासारखा नाही. पत्रिका बहुतेक केव्हाच वाळल्या असतील. मी अजून उठलेलो नाही.