तडालाच्या डोक्याची तपासणी

एनिफाच्या आईला झोंबाच्या इस्पितळातून आठवण.

आम्ही सुखरूप पोचलो. तुझी कंबर कशी आहे? मासळी वाळत घातलीस तर कुत्र्यांवर लक्ष ठेव.

आपल्या नातीच्या वेण्या सोडाव्या लागल्या, रागावू नकोस. तपासणीची तारांची टोपी डोक्याला नीट टेकली पाहिजे म्हणे. गळलेले केस मी वेचून रुमालात बांधून घेतले आहेत, करणीसाठी कुणाच्या हाती लागायला नकोत.

पुस्तकाचं पान तडालाने घडाघडा म्हटलं. त्यातलाच एक शब्द सुटा दाखवला, तर तो तिला वाचता येईना. नंतर मला हळूच विचारते, "आजोबा, माझं डोकं रिकामं निघालं का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोकं उत्तम आहे. बोलणं ऐकून येतं, वाचणं तसं येत नाही. अक्षराची आणि आवाजाची गाठ मेंदूत कुणीतरी बांधून द्यावी लागते. ही नुसतं वर्गाबरोबर ओरडून पाठ करते." रोज एकेक अक्षर दाखवून त्याचा आवाज शिकवा, म्हणाल्या.

पण शिकवणार कोण? मास्तरांपुढे आंब्याखाली शंभर पोरं. आणि तुझा भाऊ म्हणतोच आहे, "दगडाला शाळा कशाला? कापणी झाली की काढा तिला." तो एनिफाचा मामा, आणि तुमच्यात मामाचा शब्द शेवटचा. मी पडलो घरजावई, तुमच्या गावात म्हातारा झालो तरी पाहुणाच.

आम्ही परतायच्या आत तूच त्याच्याशी बोल. पोरीचं डोकं उत्तम आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढंच सांग. माझं नाव काढलंस, तर तो मुद्दाम उलट करील.

जिवाला घोर लागलेला,
एनिफाचा बाप